ठोसा मारणाऱ्याचं काय? वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

गेल्या खेपेला गुडघेदुखी आणि प्रोटीन पावडरवर इतकी पत्रं आली की मला वाटलं यावेळी पण तेच असणार, खरं गठ्ठा सोडला तर वेगळंच निघालं. तीन पत्रं, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांची, आणि तिन्ही एकाच विषयावर: बॉक्सिंगमध्ये समोरच्याला जिवावरचं लागलं, तो गेला किंवा जायबंदी झाला, आता जो उभा राहिला त्याचं काय? गावं, नावं, स्पर्धा सगळं काढून टाकलंय. डाएटवाल्यांनी रागावू नका, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न: मास्तर, नमस्कार. माहेर खानापूर तालुक्यात, मी सध्या बेळगावात शहापूरला असते. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आणि संध्याकाळी बॉक्सिंग. गेल्या वर्षी एका स्पर्धेत दुसऱ्या राऊंडला याचा उजवा हुक बसला, समोरचा मुलगा पडला, उठला, कॉर्नरला जाऊन पाणी पण प्यायला आणि तिथंच स्टुलावरनं कलंडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. तेव्हापासनं आमचा पोरगा आमचा राहिला नाही. रात्री दोन-तीनला उठून पडवीत बसतो. मोबाईलमध्ये त्या बाऊटचा व्हिडिओ आहे, त्यातला ठोशाचा तेवढाच तुकडा मागं-पुढं करून बघतो. कपिलेश्वरला नेलं तर कुणीतरी घंटा वाजवली आणि हा पायरीवरच खाली बसला. आईनं त्याच्या हाताला गुंडाळायच्या पट्ट्या धुऊन दोरीवर घातल्या होत्या, त्या बघितल्या आणि भडाभडा उलटी. माझी चार वर्षांची लेक मामाच्या तळहातावर बुक्क्या मारायची, दोघांचा जुना खेळ, परवा तिनं "मामा हात धर" म्हटलं तर एवढ्यानं ओरडला की ती आता त्याच्याजवळ जात नाही. आणि इकडं गल्लीतल्या मंडळानं गणपतीत त्याचा फोटो घालून डिजिटल बॅनर लावला, "नॉकआऊट किंग". आम्ही सगळे रोज सांगतो तुझी काय चूक नाही, विसर आता. तो गप्प. एकदाच बोलला, "ताई, वजनाच्या वेळी त्यानं मला आईवरनं शिवी दिली होती, मला राग होता." कोच म्हणतात लवकर रिंगमध्ये उतरवा नाहीतर भीती बसंल. मामा म्हणतात त्या मुलाच्या घरी पाऊल टाकायचं नाही, कबूल केल्यासारखं होतंय. आई यल्लम्माच्या डोंगराला घेऊन जाऊन आली. मी काय करू?

मास्तर: ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट त्याला सरळ तोंडावर विचारा, "जगायला नको वाटतंय काय रे?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, असेल तर बाहेर येतं. हो म्हणाला किंवा नुसता खाली बघत बसला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स म्हणून मानसिक आजारांचा सरकारी दवाखाना आहे, बसनं दोनेक तास. जाताना एकच बघा, डॉक्टर मराठी बोलणारे मिळतात का ते आधी विचारा. बाजारापुरतं कन्नड आपल्या सगळ्यांनाच येतं की, खरं तो जे बोलायचंय ते आईच्या भाषेत पण बोलू शकत नाहीये, ते कन्नडमध्ये कुठनं बोलणार.

तुम्ही लिहिलंय ते सगळं, झोप उडणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं, घंटेला दचकणं, पट्ट्या बघून उलटी, याला डॉक्टर लोक पीटीएसडी म्हणतात, मोठ्या धक्क्यानंतर होणारा मनाचा आजार. युद्धावरनं आलेल्या जवानांना होतं, ॲक्सिडेंटमधनं वाचलेल्यांना होतं. बाधा नाही आणि पोरगा कमकुवत पण नाही. यावर बोलून करायचे उपचार आहेत, लागली तर औषधं आहेत, आणि वर्ष होत आलंय म्हणजे आपोआप जाईल म्हणून वाट बघायची वेळ संपलीये. आई डोंगराला घेऊन गेली तर जाऊ दे, भंडारा लावून तिच्या जिवाला तेवढा आधार. खरं तिथं कुणी "त्या पोराचा आत्मा याच्या अंगात आहे" सांगून पैसे मागायला लागला की चपला घालायच्या आणि घरी यायचं.

आता "तुझी चूक नाही". हे वाक्य घरात किती वेळा म्हटलं गेलं असेल याची मला कल्पना आहे, प्रेमानंच म्हणता, पण त्याला त्यातनं ऐकू काय येतंय? गप्प बस, तो विषय नको. थोडं माझं सांगतो. मी पलटणीत असताना नोव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या बॉक्सिंगला उतरलो होतो, बावीसेक वर्षांचा असेन. समोर दुसऱ्या कंपनीचा पोरगा. माझा एक ठोसा कानशिलावर बसला आणि तो असा पडला की हात पण टेकवले नाहीत. तीन मिनिटं उठला नाही. मी कॉर्नरला उभा, तोंडात गमशिल्ड, ती काढायचं सुद्धा सुचेना, लाळ गळून बनियन भिजलं. त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती म्हणून मी त्याच्या बुटाकडं बघत होतो, डाव्या बुटाच्या लेसला त्यानं दोन गाठी मारल्या होत्या. तो उठला, रात्री लंगरमध्ये माझ्याच शेजारी बसून जेवला, वर माझ्या ताटातलं अंडं पण उचललं. चाळीस वर्षं झाली, त्याचं तोंड मला आठवत नाही, त्या दोन गाठी आठवतात. ही उठलेल्या माणसाची गोष्ट झाली. तुमच्या भावाचा समोरचा उठलाच नाही.

रस्त्यावर गाडीखाली कोण आलं तर ड्रायव्हर म्हणू शकतो मी वाचवायला बघत होतो, ब्रेक मारला. बॉक्सरला ते म्हणता येत नाही, हे लोकांना कळत नाही. त्याला मारायचंच होतं. डोक्याला मारायचं हेच शिकवलेलं असतं, त्याचेच पॉईंट, त्याचंच मेडल. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला शुगर रे रॉबिन्सनच्या ठोशानं जिमी डॉयल गेला. रॉबिन्सनला म्हणे आदल्या रात्री स्वप्न पडलं होतं की डॉयल आपल्या हातनं मरतोय, तो लढायला तयार नव्हता, धर्मगुरूंकडनं समजूत काढून उतरवला त्याला. नंतर चौकशीत विचारलं, डॉयलला अडचणीत आणायचा तुझा इरादा होता का? रॉबिन्सन म्हणाला, त्याला अडचणीत आणणं हाच तर माझा धंदा आहे. लोकांना ते उद्धट वाटलं. मला विचाराल तर त्या खोलीत तेवढं एकच वाक्य खरं होतं. याच रॉबिन्सननं पुढं डॉयलच्या आईसाठी पैसे दिले, कारण आईला घर घेऊन द्यायचं डॉयलच्या मनात होतं.

म्हणून तुम्ही दुसरं काहीतरी म्हणून बघा. "हो, ठोसा तुझाच होता. नियमात मारलास. आणि तो पोरगा गेला." तिन्ही एका दमात, यातलं एकही गाळायचं नाही. नुसतं पहिलं आणि तिसरं तो रोज रात्री पडवीत बसून स्वतःला सांगतोय, तुम्ही सगळे मिळून नुसतं मधलं सांगताय, म्हणून एकमेकांचं एकमेकांना पोचत नाहीये. तो बोलायला लागला की मध्ये तोडू नका, पहिल्या राऊंडपासनं सांगू दे, तेच चार वेळा सांगितलं तरी सांगू दे, रडला तर पाणी आणायला म्हणून उठून जाऊ नका. आपल्याकडं रडणाऱ्या पुरुषाजवळ बसायची सवय नसते लोकांना, काहीतरी काम काढून आत जातात.

राग होता असं तो म्हणाला ते हलकं घेऊ नका, खरी गाठ तिथं आहे. एमिल ग्रिफिथ आणि बेनी पॅरेट, २४ मार्च १९६२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वजनाच्या वेळी पॅरेटनं ग्रिफिथला पुरुषाला झोंबेल असला घाण शब्द वापरला होता. बाराव्या राऊंडला पॅरेट कोपऱ्यात दोरात अडकला, ग्रिफिथ मारत सुटला, रेफरीनं थांबवेपर्यंत उशीर झाला होता, आणि हे सगळं टीव्हीवर लाईव्ह. दहा दिवसांनी पॅरेट गेला. ग्रिफिथ पुढं पंधरा वर्षं खेळला, परत चॅम्पियन झाला, पण तो स्वतःच सांगायचा की त्यानंतर मी जिंकण्यापुरतंच मारायचो, जॅबवर, म्हणजे सरळ हलक्या ठोशांवर भागवायचो. वाईट स्वप्नं पडायची, झोपायची भीती वाटायची. आणि आयुष्यभर लोक त्याला तोच प्रश्न विचारत राहिले, शिवीच्या रागानं मारलंस का? तुमच्या भावाला तो विचारायला दुसरं कोण लागत नाही, तो स्वतःच विचारतोय. त्याला सांगा, राग कुणाला नसतो, माझ्याकडची बारा वर्षांची पोरं पण दात खाऊनच रिंगमध्ये चढतात. राग येणं आणि मारायचं ठरवणं यात फरक आहे. रेफरीनं थांब म्हटल्यावर थांबलास ना, पडलेल्याला मारलं नाहीस ना? व्हिडिओमध्ये ते पण आहे, तो तेवढं सोडून बाकीचं बघतोय.

व्हिडिओवरनं आठवलं, त्याच्या नकळत डिलीट मारू नका, दुसरीकडनं परत मिळवेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल. त्याला म्हणा, माझ्याकडं दे, मी ठेवते, लागला तर माग. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर ॲडमिनला तुम्ही स्वतः फोन करून काढायला लावा.

आणि तो बॅनर. अजून असला तर आज संध्याकाळी जाऊन उतरवा, मंडळाचा अध्यक्ष ओळखीचाच असणार. पोरं वाईट नाहीत हो, त्यांना वाटतं आपण कौतुक करतोय. मॅक्स बेअर म्हणून मोठा हेवीवेट होता, १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या हातनं फ्रँकी कॅम्पबेल गेला, मनुष्यवधाचा खटला झाला, सुटला. पेपरवाल्यांनी आणि प्रमोटर लोकांनी मग त्याची खुनशी म्हणून जाहिरात केली, तिकिटं खपली. बाहेर हा माणूस विदूषकासारखा हसवायचा आणि घरी रात्री घाबरून उठायचा, रडायचा, त्याच्याच मुलानं हे पुढं सांगितलं. शिव्या देणाऱ्याला उलट उत्तर तरी देता येतं, "किंग" म्हणणाऱ्याला काय बोलणार पोरगा?

कोचचं म्हणणं मी समजू शकतो, घोड्यावरनं पडलास तर लगेच चढ, आम्ही सगळे असंच शिकलो. पण इथं पडलेला हा नाहीये. १९९५ मध्ये गॅब्रिएल रुएलासच्या हातनं जिमी गार्सिया गेला, मे महिन्यात. डिसेंबरला रुएलास परत टायटलसाठी अझुमा नेल्सनसमोर उभा, आणि त्याला समोर नेल्सनच्या जागी गार्सियाचा चेहरा दिसायला लागला. पाचव्या राऊंडला संपला. रिंगमध्ये हात आखडणारा माणूस स्वतःच मार खातो, भीती मोडायची म्हणून उतरवाल आणि दुसरी केस घेऊन बसाल. परत खेळून नीट झालेले पण आहेत, नाही असं नाही. एझार्ड चार्ल्सच्या हातनं १९४८ मध्ये सॅम बारूदी गेला, चार्ल्स सोडणार होता, सोडलं नाही, पुढच्याच वर्षी हेवीवेट चॅम्पियन झाला. पण ते त्याचं त्यानं ठरवलं. तुमच्या भावाला सध्या दोरीवरच्या उड्या, धावणं, फार तर बॅग, तेही त्याला वाटलं तर. समोर माणूस नको. वर्षभर तरी "परत खेळणार का" हा प्रश्न घरात, जिममध्ये कुणी काढायचा नाही. नाही खेळला तरी सीएनसीवरचा चांगला कामगार आहे की तो, तेवढं बास.

मामांचं अर्धं बरोबर आहे. असा मृत्यू झाला की पोलीस यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद करतात, कधीकधी आयोजकांवर निष्काळजीपणाचा गुन्हा पण होतो, म्हणजे कागद पुढं चालू असू शकतो. तुमच्या केसमध्ये नेमकं काय नोंदलंय ते वकिलाकडनं बघून घ्या. कायद्यात आता भारतीय न्याय संहितेत कलम १८ आहे, कायदेशीर काम योग्य काळजी घेऊन करताना झालेला अपघात, आणि कलम २५, दोघांच्या संमतीनं खेळ चाललेला असताना, जिवे मारायचा किंवा जबर जखमी करायचा इरादा नसताना झालेली इजा. जुन्या आयपीसीत हेच ८० आणि ८७ होतं. नियमातल्या ठोशाला कायदा खून म्हणत नाही. वकील हो म्हणाले की मग त्या घरी जायचं की नाही ते बघा, पण थेट दारात जाऊन उभं राहायचं नाही. त्यांच्या गावचा कोणीतरी, शिक्षक, वस्ताद, पंच, त्याच्यामार्फत विचारा, "पोराला यायचंय, येऊ दे काय?" नको म्हणाले तर नको. परत विचारायचं नाही. हो म्हणाले तर तुम्ही सोबत जा, मोबाईल गाडीत ठेवून जा, पैशाचं पाकीट नेऊ नका पहिल्यांदा.

भाचीचं तुम्ही सोडू नका. तिला सांगा मामाच्या हाताला बरं नाहीये, बुक्क्या नको. त्या हाताला धरून दुकानाला जायचं मात्र चालू ठेवा, तिला आणि त्याला दोघांना.

प्रश्न: मी निपाणी भागात पोरांना बॉक्सिंग शिकवतो, फी घेत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर, माझ्याच दोन पोरांच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, एकाला डोक्याला लागलं, रात्री ऑपरेशन झालं, जीव वाचला पण उजवी बाजू अजून अधू आहे. ज्यानं मारलं तो पोरगा रोज त्याला गाडीवरनं फिजिओथेरपीला घेऊन जातो, स्वतःचं कॉलेज बुडवतो. घरचे म्हणतात थांबवा. थांबवू का? आणि मला स्वतःला प्रत्येक स्पारिंगला घाम फुटतो. त्या दिवशी तो पोरगा सकाळपासनं डोकं दुखतंय म्हणत होता, मी म्हटलं उन्हाचं असेल.

मास्तर: सर, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आधी तुम्हाला सलाम. बरेच जण ते वाक्य स्वतःशी पण बोलत नाहीत.

मेंदू कवटीत पाण्यात तरंगल्यासारखा असतो, हुक बसला की डोकं गर्रकन फिरतं आणि मेंदू थोडा मागं राहतो, त्या ओढाताणीत मेंदूच्या वरच्या बाजूच्या बारीक शिरा तुटतात. रक्त हळूहळू साचतं. म्हणून पोरगा उठतो, बोलतो, पाणी पितो आणि नंतर ढासळतो, मग लोक म्हणतात अचानक झालं. हेडगार्डनं कातडी फुटायची वाचते, आतलं फिरणं थांबत नाही. आणि आधी लागलेलं डोकं असेल तर धोका वाढतो. वरच्या उत्तरात सांगितलेला पॅरेट तीनच महिने आधी जीन फुलमरकडनं भयंकर मार खाऊन आला होता, डॉयलला त्याच्या आदल्या वर्षी आर्टी लेव्हाइननं वाईट झोपवलं होतं. दोघांनाही परत उभं केलं गेलं. वजन उतरवायला पाणी तोडतात आपली पोरं, स्वेटर घालून उन्हात पळतात, ते पण मेंदूसाठी वाईट.

तर आता: डोकं दुखतंय म्हणाला की त्या दिवशी ग्लोव्हज नाहीत, कारण काही असू दे. ॲमेच्युअरच्या नियमातच आहे की डोक्याला लागून नॉकआऊट झाला की किमान ३० दिवस बंदी, परत झाला तर आणखी जास्त. आपल्या गावच्या जिममध्ये तो नियम कोण पाळतो सांगा? तुम्ही वही घाला, तारीख आणि नाव. स्पर्धा किंवा स्पारिंगच्या आधी माहिती करून ठेवा की रात्री सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन कुठल्या दवाखान्यात असतो. निपाणीहून तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अशा वेळी राज्याची बॉर्डर बघत बसायचं नाही.

१९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीसमोर किम दुक-कू हा कोरियाचा बॉक्सर चौदाव्या राऊंडला पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या व्यावसायिक बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेनं टायटलच्या बाऊट १५ वरनं १२ राऊंडच्या केल्या. पण पुढच्याच वर्षी त्या बाऊटचा रेफरी रिचर्ड ग्रीननं स्वतःचा जीव घेतला, कारण कोणाला नक्की सांगता आलं नाही. ठोसा मारणाऱ्याची चौकशी तरी करतात लोक, शिट्टी ज्याच्या गळ्यात असते त्याच्याकडं कोण बघत नाही. घाम फुटतोय दोन वर्षं, म्हणजे तुम्ही पण डॉक्टरकडं जायचं आहे. वरच्या ताईंना दिलेला नंबर तुमच्यासाठी पण आहे.

गाडीवाल्या पोराला थांबवू नका. त्याच्या हातानं काहीतरी बरं होतंय हे तो रोज बघतोय, ते काढून घेतलं तर हातात काय राहणार? फक्त रोजचं करू नका. आठवड्यातनं दोन दिवस तो, बाकीचे दिवस जिममधल्या पोरांची पाळी लावा, तुमची पण. कॉलेज बुडता कामा नये, आणि हे त्या आजारी पोराच्या तोंडनं त्याला सांगायला लावा, तुमचं ऐकणार नाही. आणि एकदा दोघांना बसवून विचारा, त्याला याच्या गाडीवर बसायला आवडतंय का. दोन वर्षांत हे कुणीच विचारलं नसेल, पैज लावतो. कधीकधी आपलं प्रायश्चित्त दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं होतं आणि तो बिचारा भिडेखातर बोलत नाही.

प्रश्न: आमचा मुलगा रिंगमध्ये गेला त्याला पाच वर्षं झाली. चिकोडी तालुक्यातलं आमचं गाव. ज्याच्याशी बाऊट होती तो मुलगा दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी येतो, आत येत नाही, समोरच्या पिंपळाच्या कट्ट्यावर बसतो आणि जेवणावळ उठली की जातो. पहिल्या वर्षी मीच त्याला हाकलला होता, ते खोटं बोलत नाही. यंदा बायको म्हणते त्याला आत बोलवा, पानावर बसवा. माझं मन होत नाही आणि झोप पण लागत नाही. गावात लोक काय म्हणतील ते वेगळंच.

मास्तर: दादा, हाकललात ते तुमच्या जागी कुणीही केलं असतं, मी पण. ग्रिफिथ पॅरेटला बघायला दवाखान्यात गेला होता, तासन् तास थांबला, आत सोडलं नाही, रस्त्यानं जाताना लोकांनी शिव्या घातल्या. त्यांची पण चूक म्हणता येत नाही. तो आणि पॅरेटचा मुलगा समोरासमोर आले तेव्हा चाळीस वर्षं उलटून गेली होती, ग्रिफिथ म्हातारा झाला होता. मुलानं त्याला मिठी मारली. किम गेला तेव्हा त्याची होणारी बायको गरोदर होती, तो मुलगा मोठा होऊन २०११ मध्ये आईला घेऊन मॅन्सिनीला भेटला. मॅन्सिनी बाऊटच्या वेळी २१ चा होता, भेटला तेव्हा पन्नाशीचा.

तुम्हाला माफ करायचंय की नाही ते मी सांगणार नाही, मला तो अधिकार नाही आणि कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू पण नका. मन होत नसेल तर यंदा पण नका बोलवू. पण वहिनींचं मन होतंय ना, मुलगा त्यांचा पण होता. तुम्ही शेताकडं जा हवं तर तेवढा वेळ, त्यांना बोलवू दे. गावातले चार दिवस बोलतील, मग ऊसतोड सुरू होईल आणि ट्रॅक्टरवर बोलतील.

बोलवलंत तर दोन गोष्टी बघा. त्याला "बाळ जेव पोटभर" म्हणत आग्रह करू नका, त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही, पान तसंच राहिलं तर राहू दे. आणि मुलाचा हार घातलेला फोटो ज्या भिंतीला आहे, त्याच्या समोर त्याचं पान मांडू नका, त्याच भिंतीला पाठ करून बसेल असं मांडा. बघायचं असलं तर तो स्वतःहून वळेल.